लाईटबिल आलं की गाणं का बंद?

गेल्या मे महिन्यात पेणहून रोह्याला मामांकडे गेलो, तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. या वेळेला मामांच्या खोलीतून नाट्यपदं ऐकू येतात. सकाळी भीमसेन जोशींचे अभंग, संध्याकाळी नाट्यसंगीत, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. त्या दिवशी खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. त्यांचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, जागेवर होता, मामींनी विणलेलं कव्हरही त्यावर होतं. पण त्याची वायर गुंडाळून, रबरबँड लावून टेबलामागे टाकलेली होती.

मामेभावाला विचारलं. तो म्हणाला, "दादा, लाईटबिल बघ. दोनशे चाळीस युनिट आलेत. बाबांचा सेट रोज चार-चार तास चालतो. एवढा मोठा अँप, करंट खाणारच ना?" मामा काही बोलले नाहीत. ते वर्तमानपत्र वाचत होते, किंवा तसं दाखवत होते.

मामेभाऊ वाईट मुलगा नाही. घर तोच चालवतो आणि वाढत्या बिलाची काळजी करणं त्याचं कर्तव्यच आहे. पण त्याने जे म्हटलं ते मी पेणच्या दुकानांत ऐकलंय, नातेवाइकांच्या घरांत ऐकलंय आणि हमरापूरकडच्या गणपतीच्या कारखान्यातही ऐकलंय. श्रावणात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी रात्री उशिरापर्यंत चालते. तिथे कारागिरांच्या उशाशी वाजणारा छोटा स्पीकर बिलाच्या नावाने बंद करायला लावलेला मी पाहिलाय. बिल वाढलं की पहिला संशय गाण्यावर, हे आता गृहीतच धरलं जातं. हा संशय चुकीचा आहे आणि अन्यायाचाही आहे, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. ते मी हिशेबाने मांडणार आहे.

आधी "मोठा अँप म्हणजे मोठं बिल" ही समजूत घेऊ. ती आली कुठून, तर खोक्यावरच्या आकड्यावरून. नव्वदच्या दशकात म्युझिक सिस्टिमच्या खोक्यांवर ठळक अक्षरांत '२००० वॉट पीएमपीओ', '५००० वॉट पीएमपीओ' असं छापलेलं असायचं. आजही काही स्वस्त होम थिएटरवर ते दिसतं. हा आकडा कोणत्याही एका ठरलेल्या मापाने काढलेला नसतो. क्षणाच्या अगदी लहान अंशात यंत्र कुठवर उसळी घेऊ शकेल याचा तो विक्रेत्याला सोयीचा अंदाज असतो, आणि घरच्या मीटरशी त्याचा काही संबंध नसतो. पडताळा सोपा आहे. असा सेट लहान पिनवर चालतो. लहान पिनच्या सॉकेटची क्षमता ६ अँपिअर. २३० व्होल्टला ६ ने गुणलं की १३८० वॉट होतात. ज्या सॉकेटमधून १३८० वॉटपेक्षा जास्त ओढायचंच नाही, त्याच सॉकेटवर ५००० वॉटचा सेट वर्षानुवर्षं चालला, फ्यूज उडाला नाही, वायर वितळली नाही. म्हणजे तो ५००० वॉट ओढत नव्हता, हे उघड आहे. खरा आकडा यंत्राच्या पाठीमागच्या पट्टीवर असतो, आणि तोही जास्तीत जास्त किती वीज लागेल याचा असतो. रोजचा वापर त्याच्याही कितीतरी खाली राहतो.

मग घरातला साधा अँप प्रत्यक्षात खातो किती? हे मी मामेभावासमोर मोजलं. त्यासाठी कुठलंही महागडं उपकरण लागत नाही. आपल्या मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ एक आकडा लिहिलेला असतो. मामांच्या मीटरवर तो ३२०० होता. याचा अर्थ दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. आम्ही फ्रिज, पंखे, दिवे, टीव्हीमागचं बटण, सगळं बंद केलं. दिवा थांबला. मग फक्त अँप लावला आणि मोबाइलवर सेकंद मोजत पॅसेजमध्ये उभे राहिलो. दोन लुकलुकींच्या मध्ये २८ सेकंद गेले. म्हणजे ४० वॉट. आपल्याकडच्या छताच्या जुन्या पंख्याला ७५ वॉट लागतात. मामांचा 'मोठा' अँप अर्ध्या पंख्याएवढा निघाला.

मामेभाऊ म्हणाला, "आत्ता गाणं लागलेलंच नाही. आवाज वाढव, मग बघ." हा दुसरा आक्षेप, आणि तो फार पसरलेला आहे. गाणं लावलं. मामा नेहमी ऐकतात तेवढा आवाज ठेवला. अंतर २८ वरून २६ सेकंदांवर आलं. म्हणजे वाढ तीन वॉटांची. इतकी कमी का, याला कारण आहे. बहुतेक घरगुती स्पीकर एका वॉटमध्ये, एक मीटर अंतरावर, ८६ ते ९० डेसिबल आवाज देतात. आपलं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. खोलीत बसून निवांत गाणं ऐकताना स्पीकरला एक वॉटदेखील पूर्ण लागत नाही. उरलेली वीज जाते अँपला तयार ठेवण्यात. आतले ट्रान्झिस्टर थोडे चालू ठेवावे लागतात, ट्रान्सफॉर्मर गरम होतो, पुढचे दिवे जळतात. ही वीज अँप चालू असल्याची आहे, गाण्याच्या आवाजाची नाही. म्हणून "बाबा, आवाज कमी करा, बिल येतं" या वाक्याने बिल कमी होत नाही, कमी होतो तो फक्त बाबांचा आनंद. वीज वाचवायची असेल तर ऐकून झाल्यावर भिंतीवरचं बटण बंद करायचं, एवढंच पुरे.

आता रुपयांत बोलू. गाण्याचे तीन वॉट सोडून देऊ. ४० वॉटचा अँप रोज चार तास चालला तर दिवसाला १६० वॉट-तास, महिन्याला ४.८ युनिट. १ एप्रिल २०२४पासून लागू झालेल्या महावितरणच्या घरगुती दरात, वहन आकार धरून, पहिली शंभर युनिटं ५ रुपये ८८ पैशांनी, १०१ ते ३०० युनिटं ११ रुपये ४६ पैशांनी आणि ३०१ ते ५०० युनिटं १५ रुपये ७२ पैशांनी होती. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. मामांचं घर मधल्या टप्प्यात येतं, म्हणून वरचं प्रत्येक युनिट साधारण १३ रुपये ३० पैशांना पडत होतं. ४.८ युनिटांचे झाले ६४ रुपये. महिन्याभराचे अभंग आणि महिन्याभराची नाट्यपदं मिळून चौसष्ट रुपये. दर त्यानंतर बदलले आहेत, पुढेही बदलतील. आपल्या बिलावरचा दर घालून वाचकांनी आकडा दुरुस्त करावा. हिशेबाची रीत तीच राहते.

इथे टप्प्याचा मुद्दा येतो, आणि आक्षेप घेणाऱ्यांचा तो सर्वांत मजबूत मुद्दा मानला जातो. "शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल वरच्या दराने येतं, म्हणून थोडं वाढलं तरी महागात पडतं," असं लोक खात्रीने सांगतात. ते खरं नाही. महाराष्ट्रात घरगुती बिलात शंभराच्या पुढची युनिटंच वरच्या दराने लागतात. खालची शंभर खालच्याच दराने राहतात. बिल समोर घेऊन कुणीही हे पडताळावं. मीही वरचा हिशेब मुद्दाम महागड्या टप्प्याने केला आहे. गाण्याची सगळी युनिटं पहिल्या शंभरात बसली असती, तर ६४च्या जागी ३३ रुपयेच झाले असते. स्थिर आकार गाणं ऐका किंवा ऐकू नका, येतोच.

मग मामांच्या घरातलं बिल वाढवलं कुणी? मीटरजवळ उभे होतोच, म्हणून एकेक वस्तू लावत गेलो. गीझर लावला तर दिवा सेकंदाला जवळपास दोनदा लुकलुकायला लागला, म्हणजे २००० वॉट. तो रोज अर्धा तास चालला तरी महिन्याला ३० युनिटं, सुमारे ४०० रुपये. फ्रिज लावला तर ९ सेकंदांनी एक लुकलुक, म्हणजे १२० वॉटच्या आसपास. यात नवल नाही. पण फ्रिजने थोडा वेळ चालून थांबायला हवं. हा थांबतच नव्हता. दाराच्या खालच्या बाजूचं रबर फाटलं होतं आणि मे महिन्यातली रोह्याची दमट हवा रात्रंदिवस आत शिरत होती. अर्धा वेळ चालणारा फ्रिज अखंड चालला की महिन्याला चाळीसहून जास्त युनिटं फुकट जातात. मामांचं गाणं पाच युनिटांचं, फ्रिजचं फाटकं रबर चाळीस युनिटांचं. बंद मात्र गाणं झालं होतं.

आणखी एक वस्तू निघाली, ती मला सर्वांत जास्त लागली. टीव्ही रिमोटने बंद होता, त्याखालचा सेट-टॉप बॉक्सही रिमोटने बंद होता. तरी भिंतीवरचं बटण लावताच पावणेदोन-दोन मिनिटांनी एक लुकलुक दिसायला लागली. म्हणजे १० वॉटच्या आसपास. ऐकताना हे नगण्य वाटतं. पण हे दहा वॉट चोवीस तास, तीस दिवस चालतात. महिन्याला ७.२ युनिटं, ९६ रुपये. कुणी बघत नसलेल्या, बंद समजलेल्या डब्याचं बिल मामांच्या चार तासांच्या गाण्याच्या बिलाच्या दीडपट आहे. युरोपीय संघाने २०१०पासून बहुतेक घरगुती उपकरणांना बंद अवस्थेत एक वॉटपेक्षा जास्त वीज खायला मनाई केली आणि २०१३पासून ती मर्यादा अर्ध्या वॉटवर आणली, ती याच गळतीसाठी. आपल्याला कायद्याची वाट बघायची गरज नाही. भिंतीवरच्या बटणापर्यंत हात नेला की झालं.

मी फक्त गाणं ऐकणाऱ्यांची वकिली करतोय असं कुणाला वाटू नये. ऐकणाऱ्यांच्या बाजूच्या एका समजुतीलाही माझा तेवढाच विरोध आहे. हौशी मंडळी सांगतात की अँप सतत चालू ठेवावा, 'तापलेला' अँप गोड वाजतो. अँपला स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो हे मान्य. पण त्यासाठी ऐकण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं लावला की भागतं. तोच ४० वॉटचा अँप चोवीस तास चालू राहिला तर महिन्याला २८.८ युनिटं, ३८० रुपयांच्या वर. ज्यांच्याकडे व्हॉल्व्हचा किंवा 'क्लास ए' पद्धतीचा अँप आहे त्यांनी तर जास्त जागरूक राहावं. ही यंत्रं गाणं असो-नसो, जवळपास सारखीच वीज ओढतात, आणि दोनशे वॉटपर्यंत सहज जातात. रोज चार तासांत महिन्याची २४ युनिटं, सुमारे ३२० रुपये. ज्याला तो आवाज हवा आहे त्याने हे पैसे खुशाल द्यावेत, पण माहीत असून द्यावेत. उलट, नव्या 'क्लास डी' अँपना चालू अवस्थेत खूप कमी वीज लागते, आणि ब्लूटूथ स्पीकरला त्याहूनही कमी. आखणीवाल्या कारागिरांचा स्पीकर दहा वॉटच्या आतलाच असतो. त्याच कारखान्यात रंग फवारायला एक अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर चालतो, म्हणजे साडेसातशे वॉटच्या आसपास. कॉम्प्रेसरच्या एका तासाच्या विजेत तो स्पीकर पंचाहत्तर तास वाजेल. ज्या माणसाने रात्री दोनपर्यंत जागून बाप्पाच्या डोळ्यांत जीव आणायचा, त्याच्याकडून एवढंही काढून घ्यायचं?

पर्यावरणाची बाजू मांडणारेही भेटतात, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. आपली बहुतांश वीज अजून कोळशावर होते; देशाची सरासरी धरली तर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मामांच्या महिन्याभराच्या गाण्याचा होतो सुमारे साडेतीन किलो. स्कूटरवर पेणहून अलिबागला एकदा जाऊन आलं तरी जवळपास तेवढाच धूर होतो. महिन्याची एक फेरी वाचवली तर गाण्याचा हिशेब फिटतो.

विजेचं मोल रोह्याला वेगळं सांगायला नको. कुंडलिका नदीच्या वरच्या अंगाला भिरा आहे. मुळशीच्या धरणाचं पाणी घाटावरून खाली आणून टाटांनी तिथलं वीजघर १९२७ साली सुरू केलं. त्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह लढवला. भिऱ्याची वीज मुंबईला गेली, आणि वीज करून उरलेलं पाणी कोलाडवरून रोह्याकडे वाहत आलं. त्याच वर्षी, २३ जुलै १९२७ला, मुंबईचं नभोवाणी केंद्र सुरू झालं. भिऱ्याची वीज आणि नभोवाणीवरचं गाणं अशी बरोबरीने आली. भिऱ्याला पाणी सुमारे ५०० मीटर खाली पडतं. हजार लिटर पाणी, म्हणजे मामांच्या गच्चीवर आहे तेवढी एक टाकी, त्या उंचीवरून खाली आलं की एका युनिटहून थोडी जास्त वीज होते. त्या एका युनिटात मामांचा अँप पंचवीस तास गातो, जवळपास आठवडाभर. गीझर ते अर्ध्या तासात संपवतो. ज्या पाण्यासाठी लोकांनी घरंदारं सोडली त्याची किंमत ठेवायची असेल, तर हिशेब इथून सुरू करावा लागेल.

शेवटचा आक्षेप पैशांचा नाही, वृत्तीचा आहे. "गाणं ही चैन आहे. काटकसर चैनीपासूनच सुरू होते." एके काळी सरकारही असंच मानत होतं. ऐंशीच्या दशकापर्यंत घरात रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दर वर्षी पैसे भरावे लागत. सरकारने ते सोडून दिलं. घरातल्या माणसांनी ते पुन्हा सुरू करू नये.

गाणं चैन आहे की गरज, याचं उत्तर मला २०२०मध्ये मिळालं. ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आमच्या जिल्ह्यात शिरलं. झाडं पडली, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. मामांकडे लाईट आली त्या संध्याकाळी लोकांनी पाण्याचे पंप लावले, मोबाइल चार्जिंगला लावले. मामांनी अभंग लावला. नेहमीपेक्षा मोठा लावला. शेजारची चार घरं आपापल्या ओट्यावर येऊन बसली. कुणी बोललं नाही. एका आजींनी पदर डोळ्यांना लावला. त्या संध्याकाळी कुणालाही ती चैन वाटली नव्हती. आज त्याच अँपची वायर रबरबँड लावून बाजूला टाकली जात असेल, तर आपण विजेची बचत करत नाही, घरातल्या सर्वांत गरीब माणसाकडून वसुली करतो आहोत. निवृत्त माणसाचं घरात स्वतःचं असं फार थोडं उरतं. बिलाचा कागद त्याच्यासमोर धरला की तो वाद घालत नाही. तो गप्प वर्तमानपत्र उघडतो. त्या गप्प बसण्याला आपण होकार समजतो, हे मला सर्वांत जास्त खटकतं.

थेंबे थेंबे तळे साचे, हे मला मान्य आहे. पण तळं रिकामं करणारं भोक कुठे आहे ते आधी शोधायला हवं. काटकसर करायचीच तर क्रम असा असावा: फ्रिजचं रबर, गीझरची वेळ, सेट-टॉप बॉक्सचं बटण, जुने पंखे. ७५ वॉटचा पंखा काढून ३० वॉटचा बीएलडीसी पंखा लावला आणि तो रोज बारा तास चालला, तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिटं वाचतात. म्हणजे एका पंख्याच्या बचतीत तीन मामांचं गाणं होतं. हे सगळं झाल्यावरही बिल झेपत नसेल, तर गाण्याकडे जरूर यावं. तोवर नाही.

मामेभावाने दुसऱ्या दिवशी फ्रिजचं रबर बदलून घेतलं. सेट-टॉप बॉक्सचं बटण रात्री बंद करायचं काम आता त्याच्या मुलीकडे आहे. संध्याकाळी त्याने स्वतः टेबलामागे हात घालून वायर काढली, रबरबँड सोडला आणि पिन लावली. मामांना काही सांगितलं नाही, मामांनीही काही विचारलं नाही. त्यांनी फक्त वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं.

वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या घरात बिलाच्या नावाखाली कुणाचं गाणं बंद झालं असेल, तर आज रात्री मीटरसमोर दहा मिनिटं उभे राहा. सगळं बंद करा, एकेक वस्तू लावा आणि लाल दिवा मोजा. दोषी सापडला की त्याला बंद करा. आणि जो निर्दोष निघेल त्याची पिन पुन्हा भिंतीत लावा.